लवणशाकस्वामिनीला मागणी

मन्सूरा शहरात, नाईलच्या काठापासून दोन गल्ल्या आत, उस्ताद अब्दुलमुगीस नावाचे अरबीचे निवृत्त मास्तर राहत. पेठेत त्यांना सगळे 'बातम्या' म्हणत, अर्थात पाठीमागं. बाकीचं जग जी किताबी अरबी फक्त टीव्हीवरच्या बातम्यांत आणि शुक्रवारच्या मशिदीतल्या खुत्ब्यात ऐकतं, ती उस्ताद घरीदारी बोलत. भाजी घेताना बोलत, मायक्रोबसमध्ये बोलत, मांजर हाकलतानासुद्धा बोलत. "हे मार्जारा, मम उंबरठ्यावरून सत्वर निर्गमन कर!" मांजर पाय चाटत तिथंच बसून राही.

एकदा समोरच्या फरगलीच्या बाल्कनीत हुक्क्याचा निखारा उडून गादीवर पडला. उस्ताद आपल्या खिडकीत उभे होते. त्यांनी धूर पाहिला, छातीभर श्वास घेतला आणि खणखणीत आवाजात ओरडले, "हे शेजारधर्मपालका! तुझ्या शय्येस ज्वालांनी आलिंगन दिले आहे!"

फरगली पडला रसिक माणूस. आतल्या खोलीतून त्यानं हात वर केला. "अल्ला! अल्ला! काय ओळ आहे! उस्ताद, पुन्हा म्हणा!"

उस्तादांनी पुन्हा म्हटली. शिवाय दुसरी एक जोडली, त्यात उपमा होती. तोवर गादी गेली, पडदा गेला आणि विझवता विझवता फरगलीची अर्धी मिशीही गेली.

लोकांना वाटे, मास्तर शिष्ट आहे. ते काही खरं नव्हतं. उस्ताद मूळचे खेड्यातले. लहानपणी ते मन्सूरेच्या शाळेत आले, तेव्हा पहिल्याच दिवशी गुरुजींनी विचारलं, बाप काय करतो? पोरानं उभं राहून सांगितलं, "आमचा बा म्हशी राखतुया जी." सगळा वर्ग बाकांवरून लोळत हसला. पुढं कित्येक महिने पोरं त्याला पाहिलं की हंबरत. मग त्याला एक गोष्ट उमगली. पुस्तकातली अरबी कुणाच्याच आईची भाषा नाही. तिथं शहरातला वकिलाचा मुलगा अडखळतो आणि म्हशीवाल्याचा मुलगाही अडखळतो. तिथं कुणी कुणाला खेडवळ म्हणू शकत नाही. पोरगं त्या भाषेत शिरलं आणि दार आतून लावून घेतलं, ते कायमचंच. पहिली बायको, अल्ला तिच्यावर रहम करो, मोठी शहाणी होती. तिचा एक कान अधू होता. नवरा बोलायला लागला की ती तोच कान पुढं करी.

ती गेली. मग काही वर्षं उस्तादांनी एकट्यानं काढली. आणि मग बाजाराच्या तोंडाशी असलेल्या तुर्शीच्या दुकानात त्यांचा पाय अडकला.

दुकान सित्त तफीदाचं, म्हणजे तफीदाबाईचं. व्हिनेगर आणि मिठाच्या पाण्यात मुरलेली गाजरं, काकड्या, लिंबं, बिटानं गुलाबी झालेला सलगम, असं सगळं काचेच्या उंच बरण्यांत लावलेलं. आणि त्यांच्यामागं बाह्या सारून उभी तफीदा. विधवा, अंगानं भरलेली, आवाज असा की पलीकडच्या काठावरचं गिऱ्हाईक दचकावं. तोंडाची फटकळ. घासाघीस करणाऱ्याला ती सांगे, "बरणीत डोकं घालून बघ, तुझ्यासारखाच आंबट एक शोधून देते."

उस्ताद पहिल्या दिवशी तिच्यापुढं उभे राहिले आणि म्हणाले, "हे लवणशाकस्वामिनी, मजला किंचित् गाजर, अल्प सलगम आणि त्या अम्लजलाचा अंशमात्र प्रदान करावास."

तफीदाचा पळा हवेत थांबला. "काय म्हणालात? शिवी दिलीत का दुवा?"

"दुवाच, महोदये."

"मग सलगम जास्त घालते. आणि आता सरका बाजूला, मागच्या माणसाची दाढी पिकली तुमचं ऐकून."

उस्ताद दुसऱ्या दिवशी परत गेले. तिसऱ्या दिवशीही. डॉक्टरांनी त्यांना रक्तदाबापायी मीठ बंद केलं होतं, पण रोज एक पिशवी तुर्शी घरी येऊ लागली आणि उस्ताद ती निष्ठेनं खाऊ लागले. टाकून देणं म्हणजे त्यांना बेइमानी वाटे.

खालच्या मजल्यावर त्यांची थोरली बहीण इन्साफ राही. उस्ताद तिला आब्ला म्हणत. एक दिवस आब्लानं त्यांच्या स्वयंपाकघरातला वास घेतला आणि कमरेवर हात ठेवले. "अब्दू, खरं सांग. तुला तुर्शी आवडते का तुर्शीवाली?"

उस्तादांचे कान लाल झाले. "आब्ला, हृदयाचे व्यापार गूढ असतात."

"गूढ कसले? साऱ्या गल्लीला ठाऊक आहेत. जा आणि विचार तिला. 'तफीदा, माझ्याशी लग्न करतेस का?' एवढं बोलायला तोंड दुखतं का तुझं?"

"असे कोणी भाषण करते काय? ती काय काकडी आहे?"

"काकडीसुद्धा तू नीट मागत नाहीस मेल्या!"

शेवटी असं ठरलं की रीतीप्रमाणं तफीदाच्या थोरल्या भावाकडं जायचं. भाऊ म्हणजे मुअल्लिम शाहहात, मासळी बाजारातलं बडं प्रस्थ; तिथं बड्या धंदेवाल्याला मुअल्लिम म्हणतात. फोन आब्ला करणार होती, पण उस्तादांनी रिसीव्हर तिच्या हातातून काढून घेतला आणि मुअल्लिमला कळवलं की शुक्रवारी, अस्रच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर, एका गंभीर प्रयोजनार्थ आम्ही आपल्या निवासस्थानी उपस्थित होऊ. मुअल्लिमला वाटलं टॅक्सवाले येणार. त्यानं नवा फ्रीज शेजाऱ्याकडं नेऊन ठेवला.

त्यावर कडी म्हणजे, उस्तादांनी आब्लाला आईच्या कबरीची शपथ घातली की त्यांचं भाषण संपेपर्यंत ती मध्ये एक शब्द बोलणार नाही. भाषण त्यांनी आठवडाभर घासलं होतं. आब्लानं शपथ घेतली आणि वर म्हणाली, "आई कबरीत कूस बदलेल बघ."

शुक्रवार उजाडला आणि उस्तादांचं पोट बिघडलं. इतक्या दिवसांची तुर्शी, त्यात रात्रभर जागरण, त्यात भीती. सकाळपासून त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. दुपारी जरा उसंत मिळाली तसे ते कोपऱ्यावरच्या फार्मसीत गेले. तिथं डॉक्टर मारीना बसे; औषधं देणाऱ्यांनाही तिकडं डॉक्टरच म्हणतात. नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली, गळ्यात छोटासा क्रूस, स्वभावानं फार गोड.

"या अम्मो," ती काकांना म्हणावं तसं म्हणाली, "काय होतंय?"

'जुलाब' हा शब्द उस्तादांच्या जिभेवर आला होता. पण दुकानात दोन बायका उभ्या होत्या, आणि तसाही तो शब्द त्यांनी जन्मात कधी चारचौघांत उच्चारला नव्हता. ते ताठ झाले. "हे भैषज्यविशारदे, माझा विषय उदरविमोचनाचा आहे. त्यावर सत्वर उपाय हवा."

मारीनानं भुवया उंचावल्या. "म्हणजे पोट... मोकळं व्हायचं आहे?"

"उदरविमोचन!" उस्तादांनी ठासून सांगितलं. हातानं खालच्या दिशेनं एक खूणही केली.

"कळलं, कळलं. त्यात लाजायचं काय अम्मो? या वयात होतंच. माझ्या आजोबांना तर चार चार दिवस..." तिनं एक बाटली काढून पिशवीत घातली. "दोन मोठे चमचे घ्या. थोड्याच वेळात एकदम हलकं वाटेल."

उस्ताद घरी आले. बाटलीसोबत एक कागद होता. तो त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. पहिल्याच ओळीत विभक्ती चुकली होती, दुसऱ्या ओळीत क्रियापदाचं लिंग. त्यांनी लाल पेन घेतलं, सगळ्या चुका दुरुस्त केल्या, समासात 'निष्काळजीपणा' असा शेरा मारला आणि समाधानानं दोन मोठे चमचे घेतले. औषध कशाचं आहे हे त्या कागदावर स्वच्छ लिहिलेलं होतं. पण व्याकरण तपासणाऱ्याला मजकूर कुठं दिसतो?

मुअल्लिम शाहहातचा दिवाणखाना म्हणजे सोनेरी पायांच्या खुर्च्या, त्यांवर प्लास्टिकची आवरणं आणि भिंतीवर काबाशरीफची मोठी तसबीर. मुअल्लिम मधोमध बसला होता, पोटावर हात बांधून. बाजूला त्याची बायको. आणि दाराशेजारच्या खुर्चीत तफीदा. तिनं आज काजळ घातलं होतं. व्हिनेगरचा वास नव्हता, अत्तराचा होता. उस्तादांनी एकदा पाहिलं आणि भाषणाचा पहिला परिच्छेद विसरले. दुसऱ्यापासून सुरुवात झाली.

"हे कुलश्रेष्ठ मुअल्लिम! दोन वास्तू केवळ एका भिंतीने विभक्त असता, त्या भिंतीचे प्रयोजन तरी काय?"

मुअल्लिमनं बायकोकडं पाहिलं. "कुठली भिंत?"

"जिच्या अंतरात मधुर-अम्ल रसांचे भांडार आहे, अशी एक वास्तू आपल्या कृपाछत्राखाली एकाकी उभी आहे. तिचे स्वामित्व माझ्या हाती सोपवावे, ही याचना घेऊन मी..."

"आंबट-गोड भांडार?" मुअल्लिम पुढं झुकला. त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता, पण भलत्याच खोलीत. "अरे, हा दुकान मागतोय! भिंत पाडून दुकान मागतोय हा!"

आब्लाच्या तोंडात केकचा मोठा तुकडा होता. शपथ मोडू नये म्हणून तिनं उरलेला केकही तोंडात कोंबला आणि डोळे मिटून घेतले.

तफीदा खुर्चीतून उठली. आवाज चढलेला नव्हता, हेच वाईट होतं. "म्हणून रोज येत होतात होय? बरण्या मोजायला? मला वाटलं..."  ओढणीच्या टोकानं तिनं एका डोळ्याचं काजळ पुसलं आणि ते गालभर झालं. "माझा नवरा गेला त्या दुकानात राबून. ते देत नाही मी कुणाला. चालते व्हा."

उस्तादांना कळलं की काहीतरी भयंकर झालं आहे. त्यांनी तोंड उघडलं. आणि नेमक्या त्याच वेळी त्यांच्या पोटात कुणीतरी ट्रॅक्टर सुरू केला.

ते उभे राहिले. कपाळावर घाम. "मज... मुअल्लिम... मज क्षणैक एकांताची निकड..."

"एकांत?" मुअल्लिमही उठला. मासळी तोडणारे त्याचे हात मोठे होते. "माझ्या घरात एकांत? कुणाबरोबर रे?"

"विमोचन... शरीरधर्म..."

"धर्मापर्यंत गेला हा!"

ट्रॅक्टरनं गियर बदलला. आणि इतक्या वर्षांपूर्वी आतून लावलेलं ते दार एका धक्क्यात उघडलं. उस्ताद अब्दुलमुगीस, माध्यमिक शाळेचे माजी अरबी विभागप्रमुख, दोन्ही हातांनी पोट धरून, बापाच्या आवाजात, म्हशी हाकाव्यात तसे ओरडले, "आरं संडास कुठं हाय! मराया लागलो म्या!"

 मग मुअल्लिमनं बोट दाखवलं. उस्ताद धावले. त्या वयाचा माणूस इतका धावू शकतो हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं.

आत गेल्यावर जे झालं ते सांगण्याजोगं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती, कारण भिंती पातळ होत्या. बऱ्याच वेळानं उस्ताद डोकं गुडघ्यांत घालून बसून राहिले. त्यांना वाटलं, आता बाहेर जायचंच नाही. खिडकी लहान होती, नाहीतर तिथूनच गेले असते. वर्गातली सगळी पोरं त्यांना पुन्हा हंबरताना ऐकू येत होती.

दारावर टकटक झाली.

"अहो, जिवंत आहात ना?" तफीदा होती.

उस्तादांनी किताबी उत्तर शोधलं. सापडलं नाही. अंगात तेवढा जीवच उरला नव्हता. "हाय," ते म्हणाले. "अर्धा हाय."

 मग तफीदानं विचारलं, "तुम्ही कुठले?"

"नदीपल्याडच्या खेड्यातला. बा म्हशी राखायचा."

"माझी आई पण तिकडचीच की! ती अस्संच बोलायची, 'हाय' नि 'म्या'." तिचा आवाज दाराच्या अगदी जवळ आला होता, म्हणजे ती जमिनीवर बसली असावी. "मग दुकान कशाला हवंय तुम्हांला? तुर्शीतलं काय कळतं?"

"दुकान कुनाला पायजे?" उस्तादांना रडू फुटायचं बाकी होतं. "मला तू पायजे. लगीन कराया आलतो म्या."

 दारापलीकडून एक आवाज आला, बरणीचं झाकण उडावं तसा. तफीदा हसत होती. हसता हसता तिनं दारावर थापा मारल्या, हाताच्या तळव्यानं. "आणि ती भिंत?"

"भिंत म्हंजी... उपमा व्हती ती."

"उपमेच्या घोवाला! भावानं तुम्हांला खिडकीतून फेकलं असतं हो!" ती पुन्हा हसली, मग तिचं हसणं ओसरलं. "ऐका. माझ्या नवऱ्यानं मला कधी मागणी घातलीच नाही. त्याच्या आईनं माझे दात बघितले, केस ओढून बघितले आणि झालं लग्न. दुकानात मला लोक 'ए तुर्शी' म्हणतात. तुम्ही मला काहीतरी स्वामिनी म्हणायचात. अर्थ नाही कळायचा, पण त्या दिवशी मला संध्याकाळपर्यंत कुणावर ओरडवत नसे. काय होतं ते?"

"लवणशाकस्वामिनी."

"म्हणजे काय?"

"लोणच्यांची मालकीण."

"एवढंच?" तिला वाईट वाटलेलं आवाजावरून कळलं. "मला वाटलं राणी-बिणी काहीतरी असेल."

उस्ताद जरा विचारात पडले. "स्वामिनी म्हंजी राणीबी व्हतंय," ते म्हणाले. व्याकरणाच्या बाबतीत आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी थोडं ढिलं सोडलं.

"बरं. दाराशी कॉफीची पूड आणि लिंबू ठेवते. तोंड वाकडं न करता गिळा, पोट बांधलं जाईल. आणि आलात बाहेर की भावाला सांगा जे मला सांगितलं ते. पण थोडक्यात सांगा. तो कोळी माणूस आहे, त्याला जाळं फेकलेलं आवडत नाही, ओढलेलं आवडतं."

उस्ताद बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता. मुअल्लिम दाराशी उभाच होता. उस्तादांनी त्याच्या डोळ्यांत बघितलं. "मुअल्लिम, तुमची बहीण मला द्या. दुकान ठेवा तुमच्याकडं."

"दुकान माझं आहे!" आतून तफीदा ओरडली.

 मुअल्लिमनं बायकोकडं वळून म्हटलं, "सगळी गल्ली ऐकून बसली आहे. आता याला मेहुणा नाही केला, तर लोकांना काय सांगू, हा परका माणूस माझ्या घरात तासभर काय करत होता?" आणि सोयरीक पक्की करताना पढतात तो फातिहा पढायला त्यानं हात पुढं केले. उस्तादांनी एक हात पुढं केला, दुसरा पोटावरून काढायची हिंमत नव्हती. आब्लाच्या तोंडातला केक तोवर उतरला होता. शपथेतून सुटल्याबरोबर ती जे बोलायला लागली ते शरबत येईपर्यंत थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी आब्ला बाटली घेऊन फार्मसीत गेली आणि काउंटरवर आपटली. "पोरी, माझ्या भावाला मारत होतीस तू!" बिचारी मारीना रडकुंडीला आली. "आब्ला, शपथ घेते, ते विमोचन म्हणाले! दोनदा म्हणाले! मी हातानं खूण पण बघितली!" आब्लानं सगळं ऐकून घेतलं आणि बाटली परत तिच्याकडं सरकवली. "तुझी चूक नाही बाई. दुसरा कुणी असता तर सरळ जुलाब म्हणाला असता."

आता उस्ताद एका रात्रीत साधं बोलायला लागले, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तुर्शीच्या दुकानापुढं ते अजूनही 'महोदये' म्हणत आणि मागची रांग अजूनही शिव्या घाली. फक्त तफीदाशी एकटे असले की मधूनच त्यांच्या तोंडून 'व्हय' निघे. मग ते दचकून आजूबाजूला पाहत. ती म्हणे, "कुणी नाही इथं. बोला."

रमजान ईद झाल्यावर निकाह ठरला. मुअल्लिमच्या गच्चीवर दिवे लावले, खुर्च्या मांडल्या, निकाह नोंदवणारे शेख आले. शेख वयस्क होते, त्यांना सर्दी झाली होती आणि त्यांना त्याच दिवशी आणखी दोन निकाह उरकायचे होते. मुअल्लिम आणि उस्ताद समोरासमोर बसले, हातात हात, वर पांढरा रुमाल. निकाहाचे शब्द किताबी अरबीतच असतात. शेख एकेक तुकडा सांगत, मुअल्लिम मागोमाग म्हणे.

शेखांना शिंक आली आणि शिंकेत एक स्वर हलला. 'मी माझी बहीण तुला दिली' असं व्हायला हवं होतं. झालं भलतंच: 'माझ्या बहिणीने तुला लग्नात देऊन टाकले.' मुअल्लिमनंही तसंच म्हटलं, मोठ्या आवाजात, मान हलवत.

गच्चीवरच्या निम्म्या लोकांनी उस्तादांकडून कधी ना कधी छड्या खाल्ल्या होत्या. सगळ्यांच्या नजरा त्यांच्या कानांकडं गेल्या. कान लाल झाले. मग जांभळे झाले.  आब्ला पुढच्या रांगेतून दात आवळून कुजबुजली, "अब्दू, गप बस. अल्लासाठी गप बस."

उस्तादांनी दीर्घ श्वास घेतला. फरगलीनं सवयीनं हात वर केला, 'अल्ला' म्हणायला.

"शेखसाहेब," उस्ताद म्हणाले, अगदी साध्या बोलीत, "हिनं मला देऊन टाकलं, ते मला कबूल आहे. पण कुणाला दिलं तेवढं सांगा."

शेख नाक पुसता पुसता थांबले.  आणि बायकांच्या बाजूनं, घोळक्यातून, नाईलपलीकडं जाईल असा आवाज आला.

"मलाच दिलंय! लिहा हो शेख, लिहून टाका!"

आब्लानं जीभ टाळ्याला लावून असा काही आनंदाचा गजर केला की शेखांना दुसरी शिंक आली.